सर्वसमावेशक वाढ आणि खासगी उद्योग (खानदेश)

आर्थिक वाढीचा लाभ रोजगार, उत्पन्न आणि मालकी या रूपांत समाजाच्या तळच्या थरांपर्यंत पोचणे म्हणजे सर्वसमावेशक वाढ. भारताच्या अकराव्या पंचवार्षिक योजनेचे (२००७–१२) ते घोषित उद्दिष्ट होते. अशा वाढीत खासगी उद्योगांच्या देणग्यांना दुय्यम स्थान आहे. उद्योगाच्या रोजच्या खरेदी-विक्रीत लहान माणसाला जागा आहे का, हा खरा निकष.

खानदेशात याचे ठळक उदाहरण जळगावच्या जैन इरिगेशनचे. भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ मध्ये रॉकेलविक्रीपासून सुरुवात केली. पपईच्या चिकापासून पपेन (प्रथिने पचवणारे विकर), पीव्हीसी पाइप, मग ठिबक सिंचन असा व्यवसाय वाढला. रावेर, यावल, चोपडा या केळीपट्ट्यात कंद लावून केलेल्या बागेला साधारण दीड वर्ष लागे. कंपनीने पुरवलेल्या ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेल्या) रोपांची ग्रँड नैन ही केळीची जात, म्हणजे शेतकऱ्यांची ‘जी-नाइन’, ठिबकवर ११-१२ महिन्यांत कापणीला येऊ लागली. घड जवळपास एकाच वेळी तयार होत असल्याने निर्यातीचा मालही निघू लागला. पांढऱ्या कांद्याच्या करारशेतीत कंपनी बियाणे आणि सल्ला देते, किमान भाव आधी ठरवते आणि बाजार चढला तर भावही वाढवून देते. भाव कोसळण्याची धास्ती कमी होणे हा लहान शेतकऱ्याला सर्वांत मोठा आधार असतो.

मालकीतल्या वाट्याचे उदाहरण याहून जुने आहे. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यासाठी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ स्थापन झाली. तीच आजची विप्रो. गावातल्या अनेक सामान्य कुटुंबांनी तिचे शेअर घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या जपले. कंपनी बंगळुरूला गेली तरी तिच्या वाढीचा पैसा अमळनेरात येत राहिला. मजुरी किंवा मालाचा भाव यांतून असे घडत नाही.

मर्यादाही गंभीर आहेत. ठिबक आणि रोपे परवडतात ती विहीर-बोअर असलेल्या शेतकऱ्याला. केळी कापणाऱ्या, घड वाहणाऱ्या भूमिहीनाच्या वाट्याला फक्त रोजंदारी येते. नंदुरबारच्या सातपुड्यातील भिल्ल, पावरा कुटुंबे आजही ऊसतोडीसाठी गुजरातेत स्थलांतर करतात. शिवाय एकाच मोठ्या खरेदीदारावर भिस्त ठेवण्यात धोका असतो: २०१९ मध्ये जैन इरिगेशन कर्जफेडीच्या अडचणीत सापडली. अशा वेळी बाजार समिती, सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असा दुसरा खरेदीदार जवळ असेल, तरच शेतकऱ्याचा हात मोकळा राहतो.