नऊवारीएवढा मासा

आमच्या खान्देशात समुद्र म्हणजे तापी जिकडे जाते ते, सुरतेच्या पुढं कुठंतरी, आपण काही तिच्यासोबत जात नाही. त्यामुळे समुद्राचे मासे आम्हाला भेटतात ते आठवडी बाजारात वाळलेले: सुकट, बोंबील, वाकट्या. परवा ढिगातून एक वाकटी उचलली तर तिचा दातच बोटात घुसला, मावशी हसून म्हणे, "लई जाय भाऊ, चांगल्या शेतस." खाटेच्या नवारीसारखी चपटी, अंगावर एक खवला नाही, मागं निमुळती होत होत शेपटी पार केसासारखी. शास्त्रीय नावही तेच, ट्रायकियुरस, म्हणजे केसासारख्या शेपटीचा.

आता हीच पट्टी ताणत ताणत लुगड्याएवढी करा, नऊवारी पसरली की आठ मीटरच्या आसपास भरते ना, तेवढी. हा ओरफिश, हाडं असलेल्या माशांमधला जगात सगळ्यात लांब (शार्कचा सांगाडा कूर्चेचा, म्हणून तो या हिशोबात धरत नाहीत). अंग चांदीसारखं, खवले यालाही नाहीत, आणि पाठीवर डोक्यापासून थेट मागपर्यंत लाल पंख, म्हणजे एकाच बाजूला काठ असलेलं लुगडं! त्या पंखात काटे चारशेच्या घरात, त्यातले डोक्यावरचे पहिले दहा-बारा लांब वाढून तुऱ्यासारखे उभे राहतात. पोटाकडचे दोन पंख म्हणजे नुसते लांब दोरे, टोकाला वल्ह्यासारखं पातं, ओर म्हणजे वल्हं, नाव बहुधा तिथून आलं. पण त्यानं तो वल्हवत नाही हं. पाण्यात डोकं वर करून खांबासारखा उभा राहतो, अंग ताठ, आणि फक्त पाठीचा पंख लहरत असतो. तरंगायला अंगात हवेची पिशवी नाही, दात नाहीत, तोंड नळीसारखं पुढं काढून क्रिलसारखे बारीक जीव ओढून घेतो आणि कल्ल्यांतल्या काट्यांवर गाळतो, आपण चहा गाळतो तसं.

म्हणूनच मला गंमत वाटते, दिसायला दोघं सख्खे भाऊ, पण नातं काहीच नाही. वाकटी बांगडा-सुरमईच्या गोतातली, दातांनी शिकार करणारी, आणि ओरफिशचं खानदानच वेगळं. पट्टीचा आकार दोन घरांनी आपापला काढलाय.

राहतो कुठं म्हणाल तर ध्रुवांकडचं पाणी सोडून जवळपास सगळ्या महासागरांत, पण खोल, हजार मीटरपर्यंत, त्यामुळे माणसाला दिसतो तो बहुतेक वेळा मेलेला किंवा मरायला टेकलेला, किनाऱ्यावर. १७७२ मध्ये एका जातीचं वर्णन झालं ते नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या माशावरून. दुसरी जात तर आपल्याच देशातली, विशाखापट्टणमला पॅट्रिक रसेल या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकानं मासा पाहून १८०३ च्या पुस्तकात त्याचं चित्र-वर्णन दिलं आणि १८१६ मध्ये क्युव्हिए या फ्रेंच प्राणीशास्त्रज्ञानं त्याला रसेलचंच नाव दिलं. जपानमध्ये हा वर आला की भूकंप येतो म्हणायचे, २०१९ मध्ये तिथल्याच संशोधकांनी जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, काही मेळ बसला नाही.

सगळ्यात भारी म्हणजे शेपटी. मोठ्या ओरफिशांची बहुतेक वेळा मागची बाजू तुटलेली सापडते, ती तो स्वतःच टाकून देतो असं दिसतं, आणि पालीसारखी परत येत नाही. जगायला लागणारे बहुतेक अवयव पुढच्या भागात, त्यामुळे त्याचं भागतं.

घरी आल्यावर पिशवी उघडली तर माझ्याही वाकट्यांच्या शेपट्या गायब. त्या मात्र पोत्यात मोडल्या होत्या.