हृदयशस्त्रक्रियेपूर्वीचे औषधनियोजन

बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या चालू गोळ्यांपैकी कोणती कधी थांबवायची, कोणती अगदी त्या दिवशी सकाळीही घोटभर पाण्याबरोबर द्यायची आणि कोणतीला पर्याय शोधायचा, हे ठरवण्याची पद्धत. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड असे जुने आजार सोबतीला असले की गोळ्यांची संख्या सहज आठ-दहावर जाते. निर्णय शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ घेतात.

सर्वांत काटेकोर हिशेब ‘रक्त पातळ करणाऱ्या’ गोळ्यांचा. (रक्त पातळ होत नाही, गुठळी धरण्याची त्याची क्षमता घटते.) क्लोपिडोग्रेलचा परिणाम झालेल्या प्लेटलेट (गुठळी धरायला मदत करणाऱ्या रक्तातील सूक्ष्म पेशी) पुन्हा पूर्ववत होत नाहीत, नव्या तयार होण्याची वाट पाहावी लागते. म्हणून तातडी नसेल तर ती सुमारे ५ दिवस आणि त्याच गटातली प्रासुग्रेल ७ दिवस आधी बंद करतात. कमी मात्रेची ॲस्पिरिन बायपासच्या रुग्णात बहुधा चालूच राहते. वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासतात. आधीच धातूची झडप बसवलेल्या अनेकांना मधल्या काळात हेपारिन (गुठळी रोखणारे, लवकर ओसरणारे इंजेक्शन) देतात.

खरी गुंतागुंत भारतात सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या संयुक्त गोळ्यांमुळे होते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) एकाच कॅप्सूलमध्ये असतात. थांबवायचे असते फक्त क्लोपिडोग्रेल, पण कॅप्सूल बंद केली की तिन्ही बंद. टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल ही रक्तदाबावरची दोन औषधे एकत्र असलेल्या गोळीचेही तेच: भुलेत रक्तदाब फार उतरू नये म्हणून पहिले अनेकदा २४ तास आधी थांबवतात, तर दुसरे अचानक सोडल्यास नाडी आणि रक्तदाब उसळतात. अशा वेळी घटक सुटे करून लिहून द्यावे लागतात.

मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किमान ३ दिवस आधी थांबवतात. साखर फारशी वाढलेली नसतानाही त्यांच्यामुळे रक्तात कीटोन साचून आम्लता होऊ शकते, आणि साखरेच्या आकड्यावर विसंबलेल्याच्या ते लक्षात येत नाही. गरजेप्रमाणे इन्सुलिन देतात. थायरॉइडसाठीचे थायरॉक्सिन चालू राहते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याचे ते एकदम तोडत नाहीत.

यादी रुग्णाच्या आठवणीवर न सोडता गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, काढे आणि चूर्णांसह, समोर ठेवून करणे बरे. घरी परतल्यावरही ती लागते: नव्या चिठ्ठीतले औषध आणि कपाटातली जुनी पट्टी यांची नावे वेगळी, घटक एकच, आणि मात्रा नकळत दुप्पट.