त्वचेच्या लिम्फोमातले रेटिनॉइड उपचार

अ जीवनसत्त्व आणि त्याच्या गोतावळ्यातली संयुगं, म्हणजे रेटिनॉइड, त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमात (टी-पेशी या पांढऱ्या पेशींचा त्वचेत होणारा कर्करोग) वापरतात. मुख्यतः मायकोसिस फंगॉइडिस आणि सेझारी सिंड्रोम या त्याच्या प्रकारांमध्ये. (पहिल्या नावातल्या फंगसवर जाऊ नका, बुरशीचा काही संबंध नाही. आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी १८०६ च्या सुमारास वर्णन केलं तेव्हा गाठी अळंबीसारख्या दिसल्या म्हणून ते पडलं.) अ जीवनसत्त्वाच्या साध्या गोळ्या म्हणजे हा उपचार नव्हे, त्या जास्त घेतल्या तर लिव्हरच बिघडतं.

अ जीवनसत्त्व कमी पडलं की शरीरातली अस्तरं कोरडी, खरखरीत होतात हे वोल्बाख आणि हाऊ यांनी १९२५ मध्ये उंदरांवर दाखवलं होतं, त्यामुळे त्वचेच्या डॉक्टरांचं लक्ष तिकडे आधीपासून होतंच. लिम्फोमात आयसोट्रेटिनॉइन, एट्रेटिनेट वगैरे रेटिनॉइड साधारण १९८० च्या दशकात आली. चट्टे कमी व्हायचे, पूर्ण जाणं त्यामानाने कमी. मग पुवा (सोरालेन औषध देऊन वर अतिनील किरण) किंवा इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधाची जोड द्यायला लागले.

खरा घोळ रिसेप्टरचा, म्हणजे रेणू ज्या प्रथिनाला चिकटून काम करतो त्याचा आहे. पेशीत रेटिनॉइडचे रिसेप्टर दोन घराण्यांचे, आरएआर आणि आरएक्सआर. पहिला १९८७ मध्ये शाँबाँ आणि इव्हान्स यांच्या गटांना वेगवेगळा सापडला, दुसरा १९९० मध्ये इव्हान्सच्याच लॅबमध्ये, आणि त्याला चिकटणारा रेणू कोणता हे तेव्हा माहीत नव्हतं म्हणून त्याला अनाथ म्हणायचे. १९९२ मध्ये ९-सिस रेटिनॉइक आम्ल त्याचं म्हणून जाहीर झालं खरं, पण नंतर बहुतेक ऊतींमध्ये ते पुरेसं सापडेनाच. मग कोणी डीएचएसारखी मेदाम्लं पुढे केली, कोणी दुसरी डायहायड्रो रूपं, आणि वाद अजून मिटलेला नाही. ९-सिस प्रयोगशाळेत उत्तम चिकटतं हे सगळ्यांना मान्य आहे, शरीरात तेच काम करतं असं मात्र छातीठोकपणे म्हणवत नाही.

बेक्सारोटीन हे याच आरएक्सआरवर नेम धरून बनवलेलं पूर्ण कृत्रिम औषध, म्हणून त्याला रेक्सिनॉइड म्हणतात. काटेकोर बोलायचं तर ते अ जीवनसत्त्वापासून काढलेलंच नाही, पण सगळे त्याच खात्यात टाकतात. अमेरिकेत कॅप्सूल डिसेंबर १९९९ मध्ये मंजूर झाल्या, जेल २००० मध्ये. रोज शरीराच्या दर चौरस मीटरला ३०० मिलिग्रॅम या डोसवर, आधीचे उपचार फसलेल्या रुग्णांत, सुरुवातीच्या अवस्थेत सुमारे ५४ टक्के आणि पुढच्या अवस्थेत सुमारे ४५ टक्के जणांना फरक पडल्याचं २००१ च्या चाचण्यांत दिसलं. प्रत्यक्षात अर्ध्या डोसने सुरू करून वाढवत नेतात.

ते नेमकं कसं काम करतं यावर दोन मतं आहेत. एक, रोगट टी-पेशी आत्मघात करतात, म्हणजे पेशी मारणारं कॅस्पेस-३ हे प्रथिन जागं होतं आणि तिला जगवणारं सर्व्हायव्हिन घटतं. दुसरं, त्या पेशींवरचा, त्यांना त्वचेकडे ओढणारा सीसीआर४ हा रिसेप्टर कमी होतो आणि त्या त्वचेकडे येणंच घटतं. दोन्ही थोडंथोडं खरं असावं; ताटलीतल्या पेशींवरून माणसाबद्दल फार बोलू नये एवढंच.

दुष्परिणाम मात्र पक्के आहेत. ट्रायग्लिसराइड झपाट्याने वाढतात, कधी स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून ते कमी करणारं फेनोफायब्रेट आधीच सुरू करतात; त्याच कामाचं जेमफिब्रोझिल चालत नाही, त्याने रक्तातलं बेक्सारोटीनच वाढतं. थायरॉइड पिट्युटरी या मेंदूतल्या ग्रंथीपासूनच दबतं, त्यामुळे तिथून येणारं टीएसएच बघून उपयोग नाही, थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन फ्री टी४ बघायचं आणि लेव्होथायरॉक्सिन या गोळीने ते भरून काढायचं. गरोदरपणात सक्त मनाई. बेक्सारोटीन थांबवल्यावरही किमान एक महिना गर्भ राहू द्यायचा नाही, अ‍ॅसिट्रेटिन या दुसऱ्या रेटिनॉइडनंतर तब्बल ३ वर्षं.

पुवाला बेक्सारोटीनची जोड देऊन युरोपात चाचणी झाली, ती रुग्ण कमी मिळाल्याने लवकर आटोपली आणि ठळक फरक दिसला नाही. २०१७ च्या एका चाचणीत ब्रेंटुक्सिमॅब हे सीडी३० या पेशीवरच्या खुणेवर नेम धरणारं औषध मेथोट्रेक्सेट (जुनं केमो औषध) किंवा बेक्सारोटीनपेक्षा बरंच सरस ठरलं (किमान चार महिने टिकलेला प्रतिसाद ५६.३ विरुद्ध १२.५ टक्के), पण त्यात फक्त ती खूण असलेले रुग्ण घेतले होते. त्वचेच्या बी-पेशी लिम्फोमात रेटिनॉइडचा वापर तुरळकच.