'पर्यंत' एकच, पण इंग्रजीत बाय की अनटिल?

'पाच वाजेपर्यंत रिपोर्ट पाठवतो' आणि 'पाच वाजेपर्यंत ऑफिसात आहे'. मराठीत दोन्हीकडे 'पर्यंत'च. इंग्रजीत मात्र पहिल्याला 'बाय फाइव्ह' लागतं, दुसऱ्याला 'अनटिल फाइव्ह' किंवा 'टिल फाइव्ह'. 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फाइव्ह' असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही पाच वाजेस्तोवर तोच रिपोर्ट पुन्हापुन्हा पाठवत बसणार.

खरी गोम घड्याळात नाही, क्रियापदात आहे. पाठवणं, पोचणं, फॉर्म भरणं ही एकदा झाली की संपणारी कामं, त्यांना बाय. थांबणं, झोपणं, दुकान उघडं असणं हे चालू राहतं, त्याला अनटिल. शंका आली तर 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. 'पाचच्या आत पाठवतो' बरोबर वाटतं, म्हणून बाय. 'पाचच्या आत ऑफिसात आहे' कानाला खटकतं, म्हणून अनटिल.

'तू येईपर्यंत थांबते' याचं 'अनटिल यू कम', पण 'तू येईपर्यंत भात होईल' याचं 'बाय द टाइम यू कम'. दोन्हीकडे 'यू कम'. 'यू विल कम' नाही.

नकार आला की ही कसोटी सोडून द्या. 'ही वोन्ट कम अनटिल फाइव्ह' म्हणजे तो पाचच्या आधी येणार नाही, पाचला किंवा नंतर येईल. 'ही वोन्ट कम बाय फाइव्ह' म्हणजे पाच वाजले तरी त्याचा पत्ता नसेल. आपली हमखास चूक वेगळीच: 'तू येत नाहीस तोपर्यंत मी निघणार नाही' याचं 'अनटिल यू डोन्ट कम' करणं. मराठीतला 'येत नाहीस'मधला 'नाही' इंग्रजीत न्यायचाच नसतो. 'आय वोन्ट लीव्ह अनटिल यू कम', बस्स.

तारखांमध्ये 'बाय 31 जुलै' म्हटलं की सहसा 31 तारीख धरूनच मुदत असते. 'ऑन लीव्ह अनटिल फ्रायडे' मात्र घोळाचं: शुक्रवारी माणूस रजेवर की कामावर? त्यापेक्षा 'बॅक ऑन मंडे' लिहावं.

जागा आणि आकडे मात्र बाय आणि अनटिलच्या हद्दीबाहेर. 'स्टेशनपर्यंत चालत गेलो' याला 'अ‍ॅज फार अ‍ॅज द स्टेशन', शंभरपर्यंतच्या रकमेला 'अप टू'. आणि स्पेलिंग: टिलमध्ये दोन एल, अनटिलमध्ये एकच.