ऑटोमॅटिकची मॅन्युअल : आलिशान एसयूव्हीतील गिअरबॉक्स-बदल

कारखान्यातून ऑटोमॅटिक आलेल्या मोठ्या, महागड्या एसयूव्हीचा गिअरबॉक्स उतरवून तिथे क्लच आणि हाताने टाकायच्या गिअरचा बॉक्स बसवणे. ठाणे-नवी मुंबईच्या गॅरेजांत याला नुसते ‘मॅन्युअल करणे’ म्हणतात. ‘गाडी मॅन्युअल करून टाकू का?’ हा प्रश्न बहुधा हौसेपोटी विचारला जात नाही. ऑटोमॅटिक बॉक्सच्या दुरुस्तीचा आकडा कानावर पडल्यानंतर तो तोंडातून निघतो.

आलिशान एसयूव्ही म्हणजे ऑटोमॅटिकच, हे समीकरण अलीकडचे आहे. १९७० साली आलेली पहिली रेंज रोव्हर हाताच्या गिअरचीच होती. कंपनीने ऑटोमॅटिकचा पर्याय दिला तो १९८२ मध्ये. लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ च्या डिझेल गाडीला झेडएफ या जर्मन गिअरबॉक्स-कंपनीचा सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स मिळत असे, पोर्शेची २००८ ची कायेन जीटीएसही सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये घेता येत असे. भारतात बीएमडब्ल्यू एक्स५ किंवा ऑडी क्यू७ आली ती मात्र ऑटोमॅटिकच. त्यामुळे मॅन्युअल करायची म्हटले की पहिला शोध असतो तो हीच गाडी जगात कुठे मॅन्युअल विकली गेली होती का याचा. विकली गेली असेल तर सुटे भाग अस्तित्वात आहेत, आणि काम जोडाजोडीचे आहे. नसेल तर प्रत्येक भाग बनवावा लागतो, आणि तिथे शहाण्या माणसाने थांबावे.

रोग बहुतेक वेळा तेलाचा असतो. ऑटोमॅटिक बॉक्समध्ये इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे तेलातून, पुढे जाते. घोडबंदर रोडला गायमुख घाटात कंटेनर अडकला, मागे कापूरबावडीपर्यंत रांग लागली, की ड्राइव्हमध्ये ब्रेक दाबून उभ्या असलेल्या गाडीत ते तेल घुसळत, तापत राहते. काही कंपन्यांनी हे तेल ‘आयुष्यभराचे’ म्हणून सांगितले; खुद्द बॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ते बदलायला सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आलेल्या गाडीत ते कधीच बदललेले नसते. मग रिव्हर्स टाकला की दोन क्षण काहीच होत नाही, आणि नंतर धाडकन झटका बसतो. मेस्त्री खालून थोडे तेल काढून दोन बोटांत चोळतो. नितळ असायला हवे ते तेल काळपट निघते, जळका वास येतो, आणि बोटाच्या पेरावर बारीक काजळी राहते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘बॉक्स गेला’ म्हणजे सगळा बॉक्स गेला असे नसते. झेडएफच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिक बॉक्समध्ये व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब हव्या त्या गिअरकडे वळवणारा ठोकळा) आणि तिचा संगणक मिळून एकच भाग, मेकॅट्रॉनिक, तेलात बुडालेला असतो. त्याची सीलगळती, त्याचे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, फिल्टरसकट येणारा प्लॅस्टिकचा ऑइल पॅन, एवढ्यावर भागते का हे आधी पाहावे. मॅन्युअल करण्याचा खर्च या दुरुस्तीपेक्षा कमी येईल हा समज अनेकदा फोल ठरतो.

तरीही करायचेच ठरले, तर लोखंडाचे काम या पट्ट्यात अवघड नाही. ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, आणि पलीकडे रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंत पसरलेला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा. लेथवाला, वेल्डर, पाइप वाकवून देणारा हाकेच्या अंतरावर सापडतो. जुन्या मालासाठी कुर्ल्याची फेरी ठरलेली. ऑटोमॅटिक बॉक्स कन्व्हर्टरसकट खाली येतो, तेव्हा इंजिनाच्या मागे फ्लेक्सप्लेट दिसते, पत्र्यासारखी पातळ चकती. तिच्या जागी जाडजूड फ्लायव्हील, त्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. क्रँकशाफ्टच्या टोकाला गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक पेलणारे छोटे पायलट बेअरिंग लागते. ऑटोमॅटिकसाठी बनलेल्या काही क्रँकमध्ये त्याचे भोकच पुरते कापलेले नसते. स्टार्टरचे दात नव्या फ्लायव्हीलशी जुळायला हवेत. बॉक्सची लांबी बदलली की बॉक्सला खालून पेलणारा मागचा क्रॉसमेंबर सरकतो, बॉक्सची ताकद चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. बॅलन्स न करता बसवलेला शाफ्ट हायवेवर वेग वाढला की पायाखाली घरघरतो. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी ट्रान्सफर केस नव्या बॉक्सला बसते का, आणि डिफरन्शियलचा रेशो (चाकांच्या आसावरच्या गिअरचे प्रमाण) ऑटोमॅटिकचा आहे की मॅन्युअलचा, हेही पाहणे आले.

पेडलची गंमत वेगळीच. युरोपातल्या मॅन्युअल गाडीचा पेडल-संच डाव्या स्टिअरिंगचा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला तो बसत नाही. त्यासाठी ब्रिटन किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या गाडीचा माल शोधावा लागतो. पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर ज्या पत्र्यावर बसतो तिथे काही गाड्यांत कारखान्यानेच खुणेचा खड्डा ठेवलेला असतो. तो दिसला की मेस्त्रीचा चेहरा खुलतो.

खरी परीक्षा वायरमनची. ऑटोमॅटिक बॉक्सचा संगणक इंजिनाशी, एबीएसशी, मीटरशी सतत बोलत असतो. तो काढून टाकला की बाकीच्यांना वाटते गाडीत बिघाड झाला. स्टार्टर फिरत नाही, कारण ‘पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे’ हा निरोपच येत नाही. इंजिन कमी ताकदीवर अडकते. मागे जाताना पांढरा दिवा लागत नाही. आणि सगळे जुळून गाडी रस्त्यावर आली, चालवली, परत आणून बंद केली, तरी किल्ली निघत नाही. ‘पी’ मध्ये आल्याशिवाय किल्ली सोडायची नाही असे कुलूप अनेक गाड्यांत असते, आणि आता ‘पी’ उरलेलाच नाही. यावर दोन मार्ग. इंजिनाच्या संगणकात मॅन्युअलचे कोडिंग भरणे, म्हणजे ती गाडी जन्मतः मॅन्युअल आहे असे बाकी सगळ्यांना पटवणे. किंवा वायर जोडून न्यूट्रलचा खोटा सिग्नल देत राहणे. दुसरा जुगाड स्वस्त, पण त्याने गाडी गिअरमध्ये असतानाही स्टार्ट होते आणि पुढे उडी मारते. निदान क्लच पेडलला स्विच लावून तो स्टार्टरच्या वाटेत आणला पाहिजे. शिवाय ‘पी’ गेल्याने उभ्या गाडीचा सगळा भार हँडब्रेकवर येतो. उतारावर गिअर टाकून ठेवण्याची सवय नव्याने लावून घ्यावी लागते.

भारतीय बाजारात या कामाला त्यातल्या त्यात सोयीची गाडी म्हणजे जी इथे दोन्ही रूपांत विकली गेली ती. महिंद्राने २०१२ मध्ये आणलेल्या सँगयाँग रेक्सटनची आरएक्स५ मॅन्युअल होती, आरएक्स७ ऑटोमॅटिक. एकाच २.७ लिटर इंजिनाच्या दोन गाड्या, उजवे स्टिअरिंग, माल देशातच. इथेही एक मेख आहे : आरएक्स७ चे इंजिन ४०२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते आणि आरएक्स५ चे ३४०. म्हणजे मॅन्युअल बॉक्स आणि क्लच ज्या जोराच्या हिशेबाने दिले होते त्यापेक्षा जास्त जोर त्यांच्यावर पडतो. अ‍ॅक्सिलरेटर हलक्या पायाने दाबणाऱ्याला ते चालते, ट्रेलर ओढणाऱ्याला नाही.

चालवताना काय बदलते? टॉर्क कन्व्हर्टर गाडी जागेवरून हलताना टॉर्क जवळपास दुपटीपर्यंत वाढवून देतो. क्लच तसे काही करत नाही. तो फक्त घासतो. दोन-अडीच टनांची गाडी गायमुखच्या चढावर, पुढे ट्रक, मागे रिक्षा, अशी इंच-इंच पुढे काढायची तर हाफ क्लचवरच काढावी लागते, आणि दहा मिनिटांत केबिनमध्ये जळक्या प्लेटचा वास येतो. पाम बीच रोडवर पहाटे हीच गाडी सुरेख वाटते. माळशेजच्या उतारावर दुसऱ्या गिअरला धरून ठेवलेले इंजिन, हे सुखही खरे आहे. पण वाशीच्या खाडीपुलावर रोज संध्याकाळी अडकणाऱ्याने डाव्या गुडघ्याचा विचार आधी करावा.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे नियमबाह्य बदलाला दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. नोंदणी पुस्तकात गिअरबॉक्सचा वेगळा रकाना नसतो, म्हणून ‘कोण बघतंय’ असे गॅरेजात सांगितले जाते. गाडी ठाण्याची एमएच-०४ असो की नवी मुंबईची एमएच-४३, प्रश्न निघतो तो अपघाताच्या दाव्याच्या वेळी, जेव्हा विमा कंपनीचा सर्व्हेअर खाली वाकून पाहतो आणि कारखान्यातून ऑटोमॅटिक आलेल्या गाडीत तीन पेडल मोजतो. आरटीओत आणि विमा कंपनीत कामाआधी लेखी विचारणे हाच सरळ मार्ग.

उतरवलेला बॉक्स किलोच्या भावाने देऊ नये. त्याची केसिंग, कन्व्हर्टर आणि धड असलेले गिअर-संच यांना गिऱ्हाईक असते : तीच गाडी ऑटोमॅटिकच ठेवायची म्हणून सुटे भाग शोधत फिरणारा दुसरा मालक.