बायबलमधील संपत्तीची संकल्पना : हिब्रू आणि ग्रीक शब्दांचा अर्थविचार

हिब्रू बायबल, म्हणजेच ख्रिस्ती परंपरेतील जुना करार, आणि ग्रीक भाषेतील नवा करार या दोहोंत संपत्तीचा सगळा आशय सामावून घेणारा एकच शब्द नाही. गुरेढोरे, वाडवडिलांची जमीन, तोलून दिलेली चांदी, मनगटातील बळ, समाजातील मान आणि पोटापाण्याचे साधन या निरनिराळ्या अनुभवांतून आलेले अनेक शब्द तेथे वापरलेले असून, त्यांपैकी बहुतेकांत संपत्तीचा विचार मालकाच्या कुळाशी, शेजाऱ्याशी आणि देवाशी असलेल्या नात्यासह केलेला आहे. जुना करार श्रीमंतीला आशीर्वाद मानतो आणि नवा करार तिचा धिक्कार करतो, ही मांडणी सर्रास आढळते. पण मूळ शब्दांचा वापर तपासला की ती टिकत नाही.

उत्पत्ती या ग्रंथातील इस्राएलांच्या पूर्वजांच्या कथांत संपत्ती म्हणजे प्रामुख्याने कळप. ‘मिक्ने’ हा गुराढोरांसाठीचा शब्द मिळवणे, विकत घेणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे, तर ‘रखूश’ हा शब्द तळ हलवताना बरोबर नेता येणाऱ्या सर्व जंगम मालमत्तेला लागू होतो. अब्राहाम गुरे, चांदी व सोने यांनी ‘अतिशय जड’ झाला होता, असे उत्पत्ती १३:२ चे (अध्याय १३, वचन २) शब्दशः म्हणणे आहे. तेथील ‘कावेद’ या शब्दाची अर्थच्छटा मराठी वाचकाला ‘वजनदार माणूस’ या प्रयोगावरून चटकन कळावी. त्याच धातूपासून झालेला ‘कावोद’ हा शब्द पुढे देवाच्या तेजासाठी व गौरवासाठी रूढ झाला. परंतु अब्राहामाचा नातू याकोब याने आमच्या बापाच्या मालमत्तेतून हा सारा ‘कावोद’ मिळवला, अशी त्याचा सासरा लाबान याचे मुलगे तक्रार करतात (उत्पत्ती ३१:१), तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शेळ्यामेंढ्याच असतात. चांदीही या काळी मोजत नसत, तोलत असत. शेकेल हे मुळात सुमारे ११ ग्रॅमचे वजन होते, आणि मकपेला येथील शेत घेताना अब्राहामाने ४०० शेकेल चांदी तोलून दिली, असे ग्रंथ सांगतो. यहूदियात नाणी पाडली जाऊ लागली ती पुष्कळ नंतर, इराणी साम्राज्याच्या काळात.

सर्वांत अर्थसंपन्न शब्द म्हणजे ‘हयिल’. बळ, सैन्य, पराक्रम, कर्तबगारी आणि संपत्ती हे सारे अर्थ त्यात एकत्र नांदतात. ‘माझ्याच सामर्थ्याने आणि माझ्याच हाताच्या जोराने मी हे हयिल मिळवले’ असे मनात आणू नकोस, कारण ते मिळवण्याचे सामर्थ्य देणारा परमेश्वर आहे, असा इशारा ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात (८:१७–१८) दिलेला आहे. संपत्ती वाईट आहे असे तेथे म्हटलेले नाही, ती आपलीच कमाई असल्याच्या दाव्याला तेथे हरकत घेतलेली आहे. रूथच्या ग्रंथात या शब्दाची योजना फार विचारपूर्वक झालेली दिसते. जमीनजुमला बाळगणाऱ्या बवाजाची ओळख ‘गिब्बोर हयिल’, म्हणजे मातब्बर पुरुष, अशी करून दिली जाते (२:१) आणि पुढे तोच बवाज रूथला ‘एशेत हयिल’, म्हणजे कर्तबगार स्त्री, म्हणतो (३:११). रूथ ही परदेशी, विधवा, दुसऱ्यांच्या शेतात सरवा वेचून सासूला जगवणारी स्त्री. तिच्यापाशी मालमत्ता कसलीच नाही, तरीही गावातील प्रतिष्ठिताला लावलेला शब्द तिला तोलामोलाने लावला जातो. नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायातील कर्तबगार गृहिणीचे वर्णनही याच शब्दांनी सुरू होते.

‘होन’ आणि ‘ओशेर’ हे शब्द आजच्या अर्थाने धन व श्रीमंती यांच्या जवळ जाणारे आहेत. होन हा शब्द सर्वाधिक वेळा नीतिसूत्रांतच भेटतो. धनवानाचे होन हे त्याचे बळकट नगर होय, असे १०:१५ म्हणते. तेच विधान १८:११ मध्ये पुन्हा येते, पण तेथे ते नगर ‘त्याच्या कल्पनेत’ उंच तटासारखे असल्याची पुस्ती जोडलेली आहे, आणि क्रोधाच्या दिवशी होन उपयोगी पडत नाही असे ११:४ बजावते. ‘मला दारिद्र्यही नको आणि ओशेरही नको’ ही ३०:८ मधील प्रार्थना याच परंपरेतली.

जमिनीसाठीचा शब्द ‘नहला’ हा असून मराठी बायबलात त्यासाठी ‘वतन’ हा शब्द येतो. वतनाची जमीन ही व्यक्तीने खरेदी-विक्री करण्याची वस्तू नव्हती. ‘भूमी माझी आहे, तुम्ही माझ्यापाशी उपरे व पाहुणे आहात’ असे लेवीय २५:२३ सांगते, आणि म्हणून दर ५० व्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, असा नियम त्याच अध्यायात आहे. दर सातव्या वर्षी कर्जमाफी (अनुवाद १५) आणि स्वजनांकडून व्याज घेण्यास मनाई हे नियमही याच भूमिकेतून आलेले आहेत. अहाब राजाने योग्य मोल देऊ करूनही इज्रेलच्या नाबोथाने द्राक्षमळा विकायला नकार दिला, तो यामुळेच. आणि घराला घर व शेताला शेत जोडत जाणाऱ्यांवर यशया या संदेष्ट्याने (५:८) केलेला प्रहार वतनाची ही व्यवस्था मोडण्याविरुद्ध आहे.

हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर, सेप्टुअजिंट, इ. स. पू. ३ ऱ्या शतकापासून आकाराला आले. त्यात ओशेरसाठी बहुधा आणि होनसाठी काही ठिकाणी ‘प्लूतोस’, म्हणजे श्रीमंती, हा शब्द आला. हयिलसाठी मात्र अनेकदा ‘द्युनामिस’, म्हणजे सामर्थ्य, हा शब्द घ्यावा लागला आणि त्यातला संपत्तीचा पदर झाकला गेला. नव्या कराराची ग्रीक शब्दसंपदा मालकीचे बारकावे दाखवते: ‘क्तेमाता’ म्हणजे मिळवलेली मालमत्ता, ‘ख्रेमाता’ म्हणजे पैसाअडका, ‘थेसाउरोस’ म्हणजे साठवून ठेवलेला ठेवा. ‘बिओस’ या शब्दाचा अर्थ आयुष्य आणि उपजीविका असा दुहेरी आहे. लूक १५:१२ मध्ये धाकटा मुलगा ‘ऊसिया’, म्हणजे मालमत्तेचा वाटा, मागतो आणि बाप आपले ‘बिओस’ वाटून देतो. मार्क १२:४४ मधील विधवाही दानपात्रात दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकते तेव्हा आपले सारे ‘बिओस’ टाकते.

‘मामोनास’ हा नव्या करारात चारच वेळा (मत्तय ६:२४; लूक १६:९, ११, १३) आलेला शब्द अरामी आहे. तो कोणा मूर्तिपूजक देवतेचे नाव होता, या समजाला आधार नाही. यहुदी वाङ्मयात तो पैसा व मालमत्ता या साध्या अर्थाने येतो. सर्व जिवाने व सर्व ‘मओद’ लावून देवावर प्रीती कर, या अनुवाद ६:५ मधील आज्ञेतल्या मओदचा, म्हणजे शक्तीचा, अर्थ मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहाने ‘तुझ्या सर्व मामोनने’ असाही लावला आहे. ही आज्ञा ज्या ‘शमा’ प्रार्थनेत आहे, ती कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाने इतर पुष्कळ विधी विसरले गेल्यावरही जपली, असे त्यांची परंपरा मानते. येशूचे वचन या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. जे धन देवाच्या सेवेत लावायचे, तेच धनी होऊन बसते, असा त्याचा रोख आहे.

नव्या करारातील पत्रांमध्ये टीका होते ती मुख्यतः ‘प्लेओनेक्सिया’वर, म्हणजे आपल्या वाट्याहून अधिक बळकावण्याच्या हावेवर, कलस्सैकरांस पत्र ३:५ तिला मूर्तिपूजाच ठरवते. यरुशलेममधील गरजूंसाठी वर्गणी गोळा करताना प्रेषित पौल ‘इसोतेस’, म्हणजे समानता, हे तत्त्व पुढे करतो आणि ज्याने पुष्कळ मान्ना (रानात देवाने पुरवलेले अन्न) गोळा केला त्याला अधिक झाले नाही, हे निर्गम १६ मधील वचन उद्धृत करतो (२ करिंथ ८:१३–१५). नव्या करारातील याकोबाच्या (हा वरील पूर्वज याकोब नव्हे) पत्राचा आरोप याहून धारदार आहे. शेते कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे (५:४), असे तो श्रीमंतांना सुनावतो. मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी हा अनुवाद २४:१५ मधील नियम त्यामागे उभा आहे, आणि ती ओरड ज्याच्या कानी पडते त्या देवाला ग्रीकमध्ये लिहिणारा हा लेखक ‘सबाओथ’चा, म्हणजे सैन्यांचा, प्रभू हे हिब्रू नावच देतो.