सोळा थाऊची फट

नाशिकच्या एका गॅरेजात मिस्तरी जुन्या पेट्रोल जीपचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलून उघडणारे ठोकळे, सेट करत होते. इंजिन थंड, बॉनेट वर, ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य भागाच्या, कुशीतलं पत्र्याचं झाकण काढलेलं. टॅपेट आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये त्यांनी फट मोजायच्या फिलर गेजचं पातं सरकवलं आणि मला ओढून बघायला सांगितलं. चिमटीत धरलेला कागद निघावा तसं जरासं अडत ते बाहेर आलं. “सोळा थाऊ,” ते म्हणाले. “वाजणारा टॅपेट चालेल साहेब, गप्प बसलेला नको. तो व्हॉल्व्ह खातो.”

एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले सोळा, म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. जळालेला वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्हला घासत बाहेर पडतो, त्यामुळे तो चांगलाच तापतो. थंड व्हायला त्याला मुख्य जागा एकच, ती म्हणजे त्याची सीट. मिटून सीटवर टेकला की त्याची बरीचशी उष्णता ब्लॉकमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. तापल्यावर दांडीची लांबी वाढते. फट ठेवलीच नसेल तर वाढलेली दांडी टॅपेटवर टेकते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जाळ कडेने निसटतो आणि कड जळते. आवाज मात्र काही येत नाही. मिस्तरींचा नियम म्हणजे धातूच्या प्रसरणाचा धडाच आहे.

मग त्यांनी इंजिनाच्या डोक्यावरचं दुसरं झाकण उघडलं. तिथली फट अठरा थाऊ. एकाच इंजिनाचे अर्धे व्हॉल्व्ह कुशीत आणि अर्धे डोक्यावर का, ते समजायला अमेरिकेत जावं लागतं.

ओहायो राज्यातल्या टोलीडो शहरात विलिस-ओव्हरलँड कंपनीचं एक चार सिलिंडरचं जुनं इंजिन होतं, ४८ अश्वशक्तीचं. १९३८मध्ये बार्नी रूस हे अभियंते तिथे आले आणि त्यांनी त्याच इंजिनावर मेहनत घेतली. नवं इंजिन बनवण्याऐवजी हातातलं सुधारून त्यांनी ते ६० अश्वशक्तीवर नेलं. १९४०मध्ये अमेरिकन लष्कराने हलकी चारचाकी गाडी मागितली, तेव्हा स्पर्धेतल्या बँटम आणि फोर्डच्या गाड्यांची इंजिनं ४५च्या आसपास अश्वशक्तीची होती. विलिसचं इंजिन तिथे उजवं ठरलं. त्याचं नाव ‘गो डेव्हिल’. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्डने मिळून या रचनेच्या सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

आता आकडे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७९.४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १११.१ मिमी, क्षमता २१९९ सीसी. रुंदीपेक्षा उंची जास्त, म्हणजे पिस्टनची धाव लांब. जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, १४२ न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला अवघ्या २००० फेऱ्यांवर. चिखलातून, नांगरटीतून गाडी काढायला हवी असते ती हीच खालची ताकद. हिशेब केला तर लिटरमागे २७ अश्वशक्ती पडते. आजच्या साध्या १.२ लिटरच्या हॅचबॅक गाड्या लिटरमागे सत्तरच्या घरात देतात.

इतकं कमी का? कारण गो डेव्हिलचे सगळेच व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी होते. डोकं म्हणजे नुसतं बिडाचं झाकण. बनवायला सोपं, काढायला सोपं आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेतच नसल्यामुळे दोघांची टक्कर व्हायची भीती नाही. पण पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला वळसा घालून आत जावं लागतं आणि ज्वलनकक्षाला बाजूचा खिसा फुटतो. अशा पसरट कक्षात दाब फार वाढवता येत नाही, मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागतं. म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचं प्रमाण, ६.४८ला एक इतकंच. त्याचा एक फायदा असा की बॅटरी बसली तरी पुढून हँडल मारून हे इंजिन सुरू करता येई.

१९५०मध्ये विलिसने अर्धी वाट बदलली. ब्लॉक जवळपास तोच ठेवून मिश्रण आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर नेले, आकाराने मोठे केले, एक्झॉस्ट मात्र खालीच. हे ‘हरिकेन’: ७५ अश्वशक्ती आणि सुमारे १५५ न्यूटन-मीटर. इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बॉनेटखाली ते मावेना. म्हणून १९५३च्या सीजे-३बी जीपचं बॉनेट उंच झालं. विलिसच्या जीप महिंद्रने मुंबईत माझगावला १९४०च्या दशकाच्या अखेरीस जोडायला सुरुवात केली होती. पुढे हेच उंच नाकाचं मॉडेल इथे बनू लागलं आणि अनेक दशकं बनत राहिलं. तालुक्याच्या गावी सरकारी जीप म्हणून आपण पाहिली ती हीच.

हे इंजिन ‘कधी बिघडत नसे’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतले पॉइंट झिजत, त्यांची फट पुन्हा बसवावी लागे. कार्बोरेटरमध्ये कचरा अडके. उन्हाळ्यात घाट चढताना पंपातलं पेट्रोल उकळून वाफ होई आणि पंप नुसती वाफ ढकलत बसे. मग ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकून झाडाखाली बिडी ओढत बसत. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, मागच्या बाजूने तेल पाझरे. आजचं कुठलंही इंजिन यापेक्षा कमी वेळा थांबतं. फरक असा की या इंजिनाच्या बहुतेक तक्रारी डोळ्यांना दिसत आणि पाना, स्क्रू-ड्रायव्हर, पॉलिश पेपर एवढ्यावर मिटत. सिलिंडर झिजले तरी ब्लॉक फेकायचा नाही. लेथवाल्याकडे नेऊन बोअर करायचा आणि एक साइज मोठे पिस्टन टाकायचे. अशी दोन-तीन आयुष्यं एका ब्लॉकमध्ये निघत. न बिघडणं वेगळं आणि दुरुस्त होणं वेगळं. जीपची कीर्ती दुसऱ्या गुणावर उभी आहे.

ती टिकायला वेगाची मर्यादाही पाळावी लागे. युद्धकाळातल्या जीपच्या डिफरन्शियलचं प्रमाण ४.८८, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या जवळपास पाच. ताशी ९० किलोमीटरला इंजिन मिनिटाला साधारण ३३०० फेरे घेतं आणि त्या लांब स्ट्रोकमुळे पिस्टन सरासरी सेकंदाला १२ मीटर वेगाने वरखाली धावतो. क्रँकला आधार फक्त तीन मेन बेअरिंगांचा. शेतात, कच्च्या रस्त्यावर २००० फेऱ्यांत वर्षानुवर्षं चाललेलं इंजिन द्रुतगती मार्गावर सतत तास-दोन तास पळवलं तर ते बेअरिंगांवर जातं.

इंधनही बदललं. भारतात २००० सालापासून पेट्रोलमधलं शिसं गेलं, ते हवेसाठी फार चांगलं झालं. पण जुन्या इंजिनात ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये पातळ थर धरून झीज रोखत होतं. तो थर नसेल तर मऊ सीट हळूहळू खचते, व्हॉल्व्ह खोल जातो, दांडी टॅपेटकडे सरकते आणि फट कमी होते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. त्याने पंपाच्या जुन्या पडद्याचं रबर फुगतं.

त्या दिवशी चारपैकी एका एक्झॉस्ट टॅपेटची फट मिस्तरींना नऊ थाऊच सापडली. त्यांनी ती सोळावर आणली, झाकणाला नवं कॉर्कचं पॅकिंग लावलं आणि गाडीच्या मालकाला सांगितलं, “दोन हजार किलोमीटरांनी आणा, परत बघू.”